मंडळाची साइट कुणाच्या नावावर आहे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही बडोद्यात एका कंपनीत वेब डेव्हलपर आहात, नोकरीला चार वर्षं झाली. बडोद्यातल्या वाडी भागातल्या एका मराठी मंडळाची आणि त्याच्या वाचनालयाची साइट तुम्ही फुकट सांभाळता, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं पान करून दिलंय, आता मामा त्यांच्या पतसंस्थेची साइट मागताहेत. स्वतःचे तीन साइड प्रोजेक्ट अर्धवट पडलेत. बारा वर्षं शिकलेला तबला दोन वर्षं गवसणीत आहे. रियाझासाठी लेहरा (तबल्याला साथ देणारी, पुन्हा पुन्हा फिरणारी धून) देणारं अ‍ॅप बनवलं तर त्या निमित्ताने तबला परत सुरू होईल, असं तुम्हाला वाटतं. आणि शेवटी विचारलंय की वेळेचं नियोजन कसं करू, आणि मंडळाच्या काकांना नाही कसं म्हणू.

मला हा वेळेचा प्रश्न वाटत नाही. तुम्हीच लिहिलंय की फुकटच्या कामांना महिन्याला जेमतेम बारा-पंधरा तास जातात. एवढे तास माणूस मोबाइलवर घालवतो आणि त्याला थकवाही येत नाही. तुम्ही थकलात, कारण यातलं एकही काम संपत नाही. ऑफिसमधलं काम कितीही रटाळ असलं तरी त्याचं तिकीट, म्हणजे कामाची नोंद, बंद होतं, रिलीज झाली की लोक केक कापतात. मंडळाचं काम "झालं" असं कुणी म्हणतच नाही. म्हणायचं कुणी? सगळ्या किल्ल्या तुमच्या खिशात आहेत. म्हणून तुमच्या प्रश्नाआधी माझा एक प्रश्न: उद्या तुमची पुण्याला बदली झाली आणि नंबर बदलला, तर मंडळाची साइट किती दिवस चालेल?

मी या धंद्यात अठरा वर्षं आहे, त्यातली शेवटची अकरा घरून, स्वतंत्रपणे. दांडिया बाजारात राहते. एक वाचनालय, एक भजनी मंडळ आणि भटक्या जनावरांवर उपचार करणारी एक छोटी संस्था, अशा तीन ठिकाणचं काम मी बिनपैशांनी केलं आहे. पुढे जे लिहिते ते या तीन ठिकाणी शिकलेलं आहे. तुमच्या घरी लहान मूल असेल, आजारी माणूस असेल, नोकरीत रात्रीचे कॉल असतील, तर यातलं अर्धंच घ्या. तुम्ही नोकरी शोधत असतात तर साइड प्रोजेक्टबद्दल मी वेगळं सांगितलं असतं. स्थिर नोकरी आहे, घरची जबाबदारी बेताची आहे, असं तुमच्या लिहिण्यावरून धरून चालले आहे.

आधी माझी चूक सांगते. वाचनालयाची साइट केली तेव्हा कमिटीत कुणाला ईमेल वापरायची सवय नव्हती. मी म्हटलं, राहू द्या काका, मीच करते. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, माझ्या ईमेलवरून, माझ्या कार्डावरून घेतलं. सहा वर्षं दरसाल आपोआप नूतनीकरण होत राहिलं. सातव्या वर्षी कार्डाची मुदत संपून नवीन कार्ड आलं, आणि त्याच महिन्यात आई हॉस्पिटलमध्ये होती. डोमेन कंपनीच्या तीन सूचना आल्या, मी एकही उघडली नाही. एका सकाळी वाचनालयातल्या मावशींचा फोन आला, "बेटा, आपलं पान दिसत नाही ने." तोवर मुदत संपून दीड महिना होत आला होता. डॉट ऑर्गसारख्या डोमेनला मुदत संपल्यावर सहसा काही आठवडे नेहमीच्या दराने पैसे भरता येतात, त्यानंतर तीस दिवसांची आणखी एक मुदत असते, तिच्यात मूळ दराच्या कितीतरी पट दंड द्यावा लागतो. तीही गेली की डोमेन बाजारात कुणालाही मिळतं. जुनी, ओळख असलेली डोमेन उचलून त्यावर जुगाराची पानं टाकणारे टपलेलेच असतात. आम्ही त्या शेवटच्या तीस दिवसांत पोहोचलो, म्हणून वाचलो. पावती पुस्तकावर, लेटरहेडवर, दारावरच्या पाटीवर तोच पत्ता छापलेला होता.

दंड मी भरला, पण बोचलं ते वेगळंच. शंभरीकडे झुकलेल्या एका संस्थेचं नाव माझ्या एका डेबिट कार्डावर लटकत होतं, आणि इतकी वर्षं मी त्याला सेवा म्हणत होते.

त्यानंतर मी जे केलं ते तुम्ही या महिन्यात करा. संस्थेच्या नावाचा नवीन ईमेल काढा. त्याला जोडलेला फोन नंबर कुणा पदाधिकाऱ्याचा नको, संस्थेच्या नावावरचं सिम घ्या. हे फार महत्त्वाचं आहे, कारण निवडणूक झाली की चिटणीस बदलतात आणि ओटीपी जुन्या चिटणिसांच्या खिशात वाजत राहतो. डोमेन आणि होस्टिंग (साइट जिथे ठेवलेली असते ती जागा) त्या ईमेलखाली आणा, नोंदणीत मालक म्हणून संस्थेचं नाव टाका, पैसे संस्थेच्या खात्यातून जाऊ द्या. मग एका कागदावर हाताने, मराठीत लिहा: डोमेन कुठून घेतलं, दरवर्षी कोणत्या तारखेला पैसे भरायचे, साधारण किती, ईमेल कोणता, पासवर्ड काय, फोन हरवला तर वापरायचे राखीव कोड कोणते. कागद पाकिटात घाला, वर सही-शिक्का करा. पाकीट कुठे ठेवायचं यावर मी बराच विचार केला होता. कपाटात ठेवलेलं पाकीट कुणी पाहत नाही. आमचं पाकीट ऑडिटच्या फाइलमध्ये आहे, कारण ती फाइल खजिनदार दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये उघडतातच, मग खजिनदार कुणीही असोत. शिवाय वार्षिक अंदाजपत्रकात लाइट बिल, झाडलोट, वर्तमानपत्रं यांच्या खाली "संकेतस्थळ" असं एक खातं उघडून घेतलं. आता वार्षिक सभेत ते मोठ्याने वाचलं जातं आणि कुणीतरी विचारतंच, "हे कशाचे?" तो प्रश्न दरवर्षी विचारला जातो तोवर साइट सुरक्षित आहे.

आपल्या गावात याची एक जुनी गोष्ट आहे, ती मला नेहमी आठवते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं. ते इथे तीनच वर्षं राहिले. तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवणारी फिरती ग्रंथालयं सुरू केली, आणि १९११ मध्ये ग्रंथपालांना शिकवणारा वर्ग काढला. माझ्या मते सगळ्यात मोठं काम हेच. ते परत गेले आणि इथल्याच माणसांनी काम पुढे नेलं. लहानपणी मी मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात काचेच्या जमिनीवरून घाबरत चालायचे, वरच्या मजल्यावरचा उजेड खाली झिरपताना बघायचे. तेव्हा हे काही माहीत नव्हतं. त्याच योजनेतली आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. गावाला ग्रंथालय हवं असेल तर एक हिस्सा गावाने जमवायचा, मग तेवढाच पंचायतीने आणि तेवढाच सरकारने घालायचा. ज्याला हवं आहे त्याने आधी काहीतरी घालायचं. तुम्ही पैसे घेऊ नका, पण मंडळाचा हिस्सा मागा: डोमेनचा खर्च त्यांचा, मजकूर त्यांचा, आणि शिकायला बसणारा एक माणूस त्यांचा. माणूस मिळत नसेल तर काम सुरूच करू नये, या मताला मी आता पक्की आहे.

त्या माणसावरून साइट कशात करायची ते ठरतं. तुमच्या लिहिण्यावरून दिसतं की मंडळाची साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, आहे आणि त्यात चौदा प्लगिन, म्हणजे वरून जोडलेले भाग, आहेत. वर्डप्रेस २००३ पासून आहे, चांगलं आहे, माझं पोट बरंचसं त्यावर चालतं. पण ते पाळीव जनावर आहे, त्याला रोज बघावं लागतं. अपडेट राहिलेलं एखादं प्लगिन म्हणजे उघडं राहिलेलं मागचं दार. मंडळाला खरं काय लागतं? वेळ, पत्ता, वर्गणी, फोन, येणारे कार्यक्रम, वाचनालयाची यादी. यातलं कार्यक्रम आणि यादी सोडून वर्षभरात काही बदलत नाही. मी वाचनालयाची साइट साध्या एचटीएमएल पानांवर नेली आणि पुस्तकांची यादी एका गूगल शीटमधून दाखवली. मावशी सत्तरीच्या आहेत, लॅपटॉप उघडत नाहीत, पण फोनवर शीटमध्ये नवीन पुस्तक बोलून टाकतात: नाव, लेखक, दाखल क्रमांक. गेल्या वर्षभरात मला त्यांचा साइटबद्दल एकही फोन आलेला नाही. फोन येतो तो पुस्तक परत करायची तारीख उलटली म्हणून.

यादीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या वाचनालयातही हे होणारच आहे आणि इंग्रजी साइटवर शिकलेल्या माणसाला ते कुणी सांगत नाही. आमची यादी पंधरा-वीस वर्षांपूर्वी एका स्वयंसेवकाने कॉम्प्युटरवर टाइप केली होती, जुन्या बिनयुनिकोड फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे अक्षरं सगळ्या मशीनवर सारखीच ओळखली जाणारी पद्धत). तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कालवा. अशा फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात तशी ओळीने टाइप केलेली असतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर साठवायची असते. रफार डोक्यावर दिसतो, म्हणून जुन्या फाइलीत अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये तो आधी. नुसतं एका अक्षराला दुसरं लावणारं कोष्टक केलंत तर "किर्लोस्कर"चं काय होईल ते करून बघा, एका शब्दात दोन्ही अडचणी आहेत. आधी अक्षरं बदलायची, मग वेलांट्या आणि रफार उचलून जागेवर ठेवायचे, असं दोन फेऱ्यांत करावं लागतं.

सगळं बदलून झालं आणि तरी एकदा एक सभासद म्हणाले, "कुऱ्हाड टाकलं तर पुस्तक सापडत नाही, आणि कपाटात तर आहे." दोन संध्याकाळ गेल्या तेव्हा कळलं. मराठीतला हा अर्धा र, ज्याला टंकणारे चंद्रकोरीचा र म्हणतात, युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात टिंबाचा ऱ आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब सारखे. शोधणाऱ्या कोडला मात्र ते दोन वेगळे शब्द. मावशींच्या फोनचा कीबोर्ड एक लिहीत होता, जुनी यादी दुसरं. तेव्हापासून शोधायचा शब्द आणि यादीतला शब्द दोन्ही आधी एकाच रूपात आणून मगच जुळवते. चार ओळींचं कोड आहे. पण त्या चार ओळींमुळे "वऱ्हाड", "तऱ्हा", "दुसऱ्या" हे सगळे शब्द सापडायला लागले, आणि त्या दिवशी मला जो आनंद झाला तो पैसे घेऊन केलेल्या कामात क्वचित झाला आहे.

दिसण्याबद्दल दोनच गोष्टी. इंग्रजी थीम उचलली की शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि "वाचनालय" दात पडलेल्या कंगव्यासारखं दिसतं. ते अंतर शून्य करा आणि ओळींमधली जागा वाढवा, आपल्या मात्रा-उकारांना वर-खाली जागा लागते. दुसरं, पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये सांगा. काही चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, पण भाषा सांगितली तरच ते येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. जुन्या सभासदांना कारण सांगता येत नाही, ते एवढंच म्हणतात, "हे आपलं वाटत नाही."

आणि वेळ, पत्ता, वर्गणी एवढं तरी गुजराती लिपीतही ठेवा. आपल्याकडची कितीतरी मुलं घरी उत्तम मराठी बोलतात, पण शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे देवनागरी अडखळत वाचतात. त्यांना आजीसोबत वाचनालयात यायचं असेल तर दाराची वेळ त्यांना वाचता आली पाहिजे. काही ज्येष्ठांना हे पटत नाही. मी त्यांच्याशी वाद घातला आहे आणि पुन्हा घालेन.

जाता जाता, प्रत वेगळ्या जागी ठेवा. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा भजनी मंडळाचा कॉम्प्युटर एका सभासदाच्या तळमजल्यावरच्या खोलीत होता. तीन दिवसांनी आम्ही आत गेलो तर टेबलाच्या वरपर्यंत गाळाची रेघ होती. गाण्यांच्या वह्या लगदा झाल्या. त्यातल्या दोनशेहून जास्त अभंगांचे फोटो आधीच्या श्रावणात मी हट्टाने काढून दोन ठिकाणी ठेवले होते, तेवढे राहिले. बाकीचे गेले. गणपती आठवड्यावर होते, म्हणून मंडळींनी जे आठवेल ते पुन्हा लिहून काढायला घेतलं. ते काम अजून चालू आहे.

मंडळ "सभासदांची यादी फोन-पत्त्यांसह साइटवर टाका" म्हणेल. टाकू नका. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे हे सांगितलंत की कमिटी ऐकते, पण कायदा नसता तरी एकट्या राहणाऱ्या आजींचा पत्ता आणि फोन जगासमोर ठेवायचं काही कारण नाही. मुलांच्या बक्षीस समारंभाचे फोटोही आईवडिलांना विचारूनच.

मामांच्या पतसंस्थेचं काम घेऊ नका. मी कधी इतकं ठाम सांगत नाही, पण इथे सांगते. जिथे लोकांचे पैसे आहेत तिथे फुकटचा माणूस नसावा. काही बिघडलं, कुणी साइटची नक्कल करून ठेवीदारांना फसवलं, तर जबाबदार कोण? "आमचा भाचा रविवारी बघतो" हे उत्तर ठेवीदाराला चालणार नाही. मामांना सांगा की करार करून, पैसे देऊन, देखभालीसह एखाद्या कंपनीकडून करून घ्या. आणि म्हणा, कंपनी निवडायला आणि करार वाचायला मी बसतो. ते दोन तासांचं काम आहे, आणि ते संपतं.

साइड प्रोजेक्टवर फार लिहीत नाही. नियुक्तिपत्र काढून एकदा वाचा. तुम्ही नोकरीत असताना लिहिलेलं कोड कंपनीचं, असं कलम अनेक ठिकाणी असतं. ऑफिसचा लॅपटॉप आणि ऑफिसची वेळ वापरू नका, शंका असेल तर लेखी विचारून घ्या. अर्धवट पडलेल्या तिघांबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. फुकटची सेवा टाकून देता येत नाही, कारण तिच्यावर कुणीतरी विसंबून असतं. साइड प्रोजेक्ट मात्र टाकता आला पाहिजे, त्याचा तोच गुण आहे. फक्त टाकला हे लिहून ठेवा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर रिपॉझिटरी (प्रोजेक्टची जागा) अर्काइव्ह करायची सोय आहे, वर एक ओळ लिहायची की आता सांभाळत नाही, कुणाला हवं तर घ्या. माझं फॉन्ट बदलणारं कोड मी असंच मोकळ्या परवान्याखाली ठेवलं आहे. मी मुलाखती घेते तेव्हा उमेदवाराने किती साइट केल्या हे विचारतच नाही. साइट केल्यानंतर दोन वर्षांनी तिचं काय झालं, हे विचारते. बहुतेक गप्प होतात. तुम्ही ते पाकीट आणि चंद्रकोरीचा र सांगितलात तर मी तरी तुम्हाला घेईन.

आता तबला. इथे मला तुमची खरी काळजी वाटली.

मी पक्षी बघते. हिवाळ्यात पहाटे निघून डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जायचं, पाण्यावर धुकं असतं, आणि त्या धुक्यातून आधी आवाज येतो, मग पट्टकादंब हंसांची रांग दिसते. गायकवाडी काळात पाटबंधाऱ्यासाठी बांधलेला हा तलाव, २०२१ मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेला. आमचा सात-आठ जणांचा गट होता. कोणी काय पाहिलं ते वहीत लिहायचो. मला वाटलं, यासाठी छोटंसं वेब अ‍ॅप करूया, म्हणजे नोंदी एकत्र राहतील. केलं. सुंदर झालं होतं. पुढच्या दोन हिवाळ्यांत मी तलावावर जाऊन काय केलं? नेटवर्क नसताना नोंद कशी साठवायची, हे बांधावर बसून बघत होते. एका रविवारी शेजारची मैत्रीण कुजबुजली, "चक्रवाक, समोर, जोडी." मी म्हटलं, "एक मिनिट." मान वर केली तेव्हा पाणी रिकामं होतं. त्या संध्याकाळी अ‍ॅप बंद केलं. नोंदींसाठी ई-बर्ड ही पक्षीनोंदींची साइट होतीच, ज्यांना हवं ते तिथे गेले. माझ्याकडे वही आहे, दोनशे पानी, पेन्सिल बांधलेली.

म्हणून लेहऱ्याचं अ‍ॅप आत्ता करू नका. ते वाईट होईल असं नाही, उलट त्यात रमायला भरपूर आहे. ब्राउझरचा साधा टायमर काही मिलिसेकंद पुढेमागे होतो. मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत एक मात्रा सुमारे ३३३ मिलिसेकंदांची. तेवढ्यात टायमर सरकत गेला तर बारा वर्षं तालीम घेतलेल्या कानाला ते समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, खटकणारच. मग तुम्ही ब्राउझरमधल्या वेब ऑडिओच्या, म्हणजे आवाजासाठीच्या वेगळ्या घड्याळाकडे वळाल, पुढचे काही स्वर आधीच नेमून ठेवायला शिकाल. टॅब मागे गेला की ब्राउझर अनेकदा टायमरला सेकंदाला एकदाच जागा करतो, त्याच्याशी झगडाल. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) सलग येण्यासाठी सारंगीचा नाद कुठून घ्यायचा, हे शोधाल. सगळं फार मजेचं आहे. आणि सहा महिन्यांनी तुमच्या बोटांना तीनतालातला एक कायदाही (तबल्यातली बोलांची ठरलेली रचना) नीट जमत नसेल. मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा सुरू केली ते हे गाव, इथे तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कुणीतरी पेटीवर लेहरा धरणारा नक्की आहे. नसेल तर तयार अ‍ॅप आहेत, त्यातलं एक घ्या. आधी तबल्याची गवसणी काढा. दोन वर्षांत वाद्या ढिल्या पडल्या असतील, मधल्या काळ्या शाईला कदाचित चीर गेली असेल, दुरुस्तीला द्यावा लागेल. तेवढं एक काम या आठवड्यात करा. सहा महिने वाजवल्यावर तयार अ‍ॅपमध्ये एखादी गोष्ट तुम्हाला रोज, त्याच जागी, त्याच मात्रेला टोचत असेल, तर ती एक गोष्ट बनवा. तेव्हा ती तबलजीने केलेली असेल.

आणि तबल्याची वेळ कुणाला सांगू नका. माझ्या फुकटच्या कामांना महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सकाळ ठरलेली आहे, सगळ्या संस्थांना माहीत आहे, नवरात्रीचे नऊ दिवस मी फोनच उचलत नाही कारण बडोद्यात तेव्हा कुणीच कुणाचं काम करत नाही. हे सगळं जाहीर आहे. तलावाचं जाहीर नाही.

राहिले काका. त्यांना नाही म्हणू नका, तुम्हाला ते जमणार नाही आणि गरजही नाही. ते तुम्हाला लहानपणापासून ओळखतात, त्यांनी तुमच्यासाठी नाटकाच्या तिकिटांची रांग लावली असेल. असं म्हणून बघा: "काका, साइट मी सोडत नाही. पण ती माझ्या नावावर आहे हे बरोबर नाही, मंडळाच्या नावावर करून देतो. मला मंडळातलं एक माणूस द्या, वय कितीही चालेल, रोज पाच मिनिटं देणारं. मी त्यांच्याबरोबर चार शनिवार बसतो. पाचव्या शनिवारी ते करतील आणि मी फक्त बघेन." बहुतेक काका याला खूश होतात, कारण मंडळाला नवीन माणूस मिळतो. काही जण म्हणतील, "अरे, तूच कर ने, तुला दोन मिनिटांचं काम." तेव्हा हसून एवढंच म्हणा की दोन मिनिटांचंच आहे, म्हणून तर शिकवतो.

हे बोलणं गणपतीच्या बैठका सुरू व्हायच्या आधी उरका. एकदा वर्गणी, मांडव आणि आरत्यांची पत्रकं सुरू झाली की त्या खोलीत जो बसलेला असतो त्याच्याकडे दर पाच मिनिटांनी नवीन काम येतं. आणि पाकिटाचा कागद लिहाल तेव्हा बॉलपेनने लिहा, शाईच्या पेनाने नको. पुरानंतर आमच्या फाइलमधली शाई पसरली होती, बॉलपेनचे आकडे तेवढे वाचता आले.